अख्खं कॉम्प्युटर

नीलम्माच्या कडक भाकऱ्या सोलापुरात तीन ठिकाणी जायच्या: केराबाईच्या मेसमध्ये, गावाबाहेरच्या एका नव्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या कँटीनमध्ये आणि एसटी स्टँडजवळच्या एका दुकानात. सकाळी होटगीहून स्कूटीला पुढं-मागं खोकी बांधून ती निघायची आणि ऊन डोक्यावर यायच्या आत परतायची. शिक्षण सातवीपर्यंत, तेही कन्नड शाळेत. मराठी ती बाजारात शिकली. स्कूटी शिकली ती चाळिशी ओलांडल्यावर, नवऱ्याला न सांगता. नवरा महेश्वर होटगी जंक्शनला पॉइंट्समन होता, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचा, बोलायला कमी. त्याला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हेल्मेट घाल."

त्यांना एकच मुलगी, सिद्धेश्वरी. घरात सगळे सिद्धी म्हणायचे. दहावीला तिला त्र्याण्णव टक्के पडले आणि घरातलं बोलणंच बदललं. महेश्वरचे थोरले भाऊ चन्नप्पा यांची मार्केट यार्डात कांद्याची अडत होती. सिद्धी त्यांना कन्नड रीतीनं दोड्डप्पा म्हणायची, म्हणजे थोरले वडील. त्यांचे दोन्ही मुलगे दहावीतच थकून अडतीवर येऊन बसले होते, त्यामुळं घराण्यातली सगळी विद्या आता या पुतणीच्या डोक्यात आहे असं ते धरून चालले. "ही कॉम्प्युटर इंजिनिअर होणार," असं त्यांनी यार्डात सांगून टाकलं. सिद्धीला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिनं तेच सांगितलं असतं. शाळेतल्या लॅबमध्ये कुठलं मशिन कशामुळं रुसलंय हे मास्तरांच्या आधी तिला कळायचं, आणि तिला ते आवडायचं.

अकरावीत ती सोलापूरला जायला लागली आणि तिथून मार्क घसरत गेले. अकरावीला चौऱ्याहत्तर. बारावीला एकसष्ट. सीईटीला चौपन्न पर्सेंटाइल. पर्सेंटाइल म्हणजे काय ते महेश्वरनं स्टेशनातल्या कुणाला तरी विचारून आणलं आणि बायकोला सांगितलं, "शंभरात चौपन्न पोरं हिच्या मागं."

"म्हंजे पंचेचाळीस पुढं," नीलम्मा म्हणाली.

त्या दोन वर्षांत नीलम्मानं आईला सुचेल ते सगळं केलं. मोबाइलमुळं होतंय म्हणून दोन महिने मोबाइल कपाटात ठेवला. एक क्लास होता, त्याला दुसरा जोडला. दुसऱ्याची फी निघावी म्हणून पहाटेची एक चूल वाढवली आणि गल्लीतली अजून एक बाई कामाला घेतली. मार्क तरीही खालीच येत राहिले. सिद्धी शाळेत असताना प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची, भाकरीत तीळ जास्त पडले यावरसुद्धा. आता कशालाही "बरं" म्हणायची. नीलम्माला मार्कांपेक्षा त्या "बरं"ची जास्त धास्ती वाटायची, पण हे कुणाला सांगावं ते तिला कळत नव्हतं.

जुलै उजाडला. इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरायची तारीख महेश्वरनं कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवली. कुठली कॉलेजं, कुठल्या क्रमानं, ते त्या फॉर्ममध्ये लिहायचं होतं. चन्नप्पांनी पुण्याकडच्या एका कॉलेजचा माणूस गाठला होता, मॅनेजमेंट कोट्यातून तो सीट मिळवून देणार होता. इकडं सोलापूरच्या त्या नव्या कॉलेजातून रोज फोन यायचा: कॉम्प्युटरची सीट आहे, पर्सेंटाइलचं काही नाही, फक्त आमचं नाव पहिलं टाका.

"तुला काय वाटतं?" महेश्वरनं मुलीला विचारलं.

"तुम्ही म्हणाल ते," सिद्धी म्हणाली.

नीलम्मा भाकरी थापत होती. तिनं ती तव्यावर टाकली आणि मुलीकडं वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती नव्या कॉलेजच्या कँटीनमध्ये माल टाकायला गेली. सकाळचे अकरा वाजले होते. कँटीन गच्च भरलेलं होतं. पोरं टेबलावर पाय टाकून बसलेली, कुणी मोबाइलवर खेळतोय, कुणी शेंगा चटणीशी भाकरी मोडत बसलाय. कँटीनवाला शिवप्पा खुशीत होता.

"वैनी, सोमवारपासनं एक खोकं जास्त टाका की. पुरंना झालंय."

नीलम्माला एरवी हे ऐकून आनंद झाला असता. याच गर्दीवर तिचं दोन वर्षं चाललं होतं. आज ती गर्दी तिनं पहिल्यांदा आई म्हणून बघितली.

"शिवप्पा, ह्या पोरांचे तास कवा असत्यात?"

"तास हायेत की. कागदावर." शिवप्पानं आवाज खाली केला. "गणिताचे दोन सर दिवाळीलाच सोडून गेले. नवीन घेतलेत म्हणत्यात, मी तरी अजून च्याला आलेला बघितला न्हाय. का हो, कुणाला घालायचंय?"

"न्हाय, असंच विचारलं," ती म्हणाली, आणि रिकामी खोकी उचलून बाहेर आली.

स्कूटी सुरू करून तिनं मागं वळून बघितलं. इमारत नवी कोरी होती. दारात झेंडे होते आणि फलकावर टाय घातलेली हसरी पोरं होती. आपण सातवी शिकलेल्या, आपल्याला यातलं काय कळतंय, असं तिला नेहमी वाटायचं. घरात ही चर्चा निघाली की ती आपोआप स्वयंपाकघरात जायची. पण ज्या कँटीनमध्ये अकरा वाजता भाकरी संपते तिथं शिकवणं होत नाही, एवढं कळायला सातवीसुद्धा लागत नव्हती.

शुक्रवारी ती सिद्धीला म्हणाली, "आज खोकी लई जड झाल्यात. चल माझ्यासंगं."

"बरं," सिद्धी म्हणाली, आणि खोकं मांडीवर घेऊन मागं बसली.

केराबाईची मेस शहरातल्या एका जुन्या सायन्स कॉलेजच्या मागच्या बोळात होती. दोन खोल्या, पुढच्या खोलीत चार बाकं, मागं स्वयंपाक. केराबाई मूळची सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, आवाज माळावरचा. नवरा गेल्यावर तिनं मेस काढली आणि पंधरा वर्षं तिथं शिकणाऱ्या मुलींना जेवायला घातलं. या मुली काय शिकतात हे ती नीट सांगू शकायची नाही, पण कोण अभ्यास करते आणि कोण करत नाही हे ताटावरून सांगायची.

नीलम्मा आत जाऊन भाकऱ्या डब्यात रचायला लागली. पुढच्या खोलीत एक मुलगी एकटीच जेवत होती.

"ही विजयमाला," केराबाईनं सिद्धीला सांगितलं. "वैरागची हाय. तुझी आई म्हंती तेच शिकती, कॉम्प्युटर. बस तिच्याम्होरं. विजे, हिला जरा सांग."

एवढं बोलून केराबाई आमटीकडं वळली. दोन्ही खोल्यांमध्ये फक्त एक अर्धी भिंत होती. नीलम्माला ऐकायचं नव्हतं असं नाही.

विजयमाला त्याच जुन्या सायन्स कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा कोर्स कॉम्प्युटरचा, सगळे त्याला ई.सी.एस. म्हणायचे. सिद्धीनं तिला सगळ्यात आधी विचारलं, "बारावीला किती होते तुला?"

"अठ्ठावन्न," विजयमाला भाकरी आमटीत चुरत म्हणाली. "आणि पहिल्या सेमला गणित राहिलं माझं."

"राहिलं म्हणजे?"

"म्हणजे नापास झाले. पुढच्या वेळी सुटलं."

सिद्धी बाकावर पुढं सरकली. मग हळूच म्हणाली, "घरी काय म्हणाले?"

"आई म्हणाली, परत दे. काय म्हणणार अजून?"

मग सिद्धी बोलायला लागली, आणि नीलम्माच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"मला अकरावीच्या दिवाळीपासून गणितातलं काहीच कळत नाही," सिद्धी म्हणाली. "क्लासमध्ये सर विचारायचे, कळलं का? सगळे हो म्हणायचे. मीपण म्हणायचे. आज हो म्हटलं की उद्या नाही म्हणता येत नाही ना. मग मी उत्तरं पाठ करायला लागले. पण पेपरात आकडे बदलून येतात. दुसरा क्लास लावला तिथं पुढचंच चालू होतं. मागचं कुणाला विचारायचं? दहावीला त्र्याण्णव म्हटलं की लोकांना वाटतं हिला सगळं येतं."

"कुणाला सांगितलंस का?"

"नाही. आत्ता तुलाच."

नीलम्माला आधी राग आला. दोन वर्षं जिच्यासाठी पहाटे चार चुली पेटवल्या, तिनं मनातलं सांगितलं ते ओळख नसलेल्या वैरागच्या मुलीला. मग राग ओसरला आणि त्याच्या जागी जे आलं त्याला तिच्याकडं शब्द नव्हता. पाठीवरचं ओझं कुणीतरी काढून घ्यावं आणि पाठ तरीही दुखत राहावी, तसं काहीतरी. तिनं उरलेल्या भाकऱ्या डब्यात ठेवल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

केराबाईनं मायलेकींना जेवायला थांबवून घेतलं, आणि एक वाजता हिंदुराव सर जेवायला आले. मेस मुलींची असली तरी या एका पुरुषाला केराबाईनं सूट दिली होती. सरांचं घर अकलूजला. बायको तिथल्या शाळेत शिकवायची, म्हणून हे आठवडाभर सोलापुरात खोली करून राहायचे आणि शनिवारी गावी जायचे. ई.सी.एस.च्या मुलांना गणित शिकवायला लागून त्यांना अठ्ठावीस वर्षं झाली होती.

केराबाईनं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. "सर, ही आमच्या भाकरीवाल्या नीलम्माची लेक. दहावीला लई हुशार हुती, आता मार्क पडलेत. कॉम्प्युटर कुटं करावं म्हून हिंडत्यात."

सिद्धीची मान खाली गेली. सर आधी जेवले. ताक पिऊन झाल्यावर हात पुसत म्हणाले, "किती पडले ते सांगू नकोस. मला दुसरंच सांग. तुला नीट कळलेलं शेवटचं प्रकरण कुठलं?"

हा प्रश्न तिला दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता.

"दहावीची त्रिकोणमिती," ती शेवटी म्हणाली. "उंची आणि अंतर."

"तिथं शंका नाही?"

"नाही. ते येतं."

"मग दोनच वर्षं मागं आहेस. गेल्या साली माझ्याकडं एक पोरगा आला होता तो आठवीत अडकला होता. त्याला वर काढायला जरा वेळ लागला." सर उठले. "आमच्या पहिल्या वर्षाचे तास सुरू होऊन आठवडा झालाय. दोन-तीन जागा अजून आहेत. उद्यापासून येऊन बस वर्गात. नावबिव नंतर. नाही पटलं तर केराबाईकडं जेव आणि घरी जा."

नीलम्मा आता अर्ध्या भिंतीपाशी येऊन उभी होती. तिला बोलायचं धाडस होत नव्हतं, पण प्रश्न तसाच सोडवेना. "सर, एक विचारू का? हितं शिकून नोकरी लागती का?"

"काहींना लागते, काहींना नाही," सर म्हणाले. "इंजिनिअरिंगच्या पोरांचंही तसंच आहे. फक्त पहिल्या नोकरीसाठी आमच्या पोरांना थोडी जास्त दारं वाजवावी लागतात, खोटं कशाला बोलू? पुढं पुष्कळ जण एम.सी.ए. करतात. पण येतं त्याला कुणी घरी बसवत नाही, आणि येत नाही त्याला कुठल्या कागदानं उभं करता येत नाही."

परत जाताना होटगी रोडला एका लिंबाच्या झाडाखाली नीलम्मानं स्कूटी थांबवली. डोक्यावरचं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

"मी ऐकलं सगळं," ती म्हणाली.

सिद्धी मागच्या सीटवरून खाली उतरली.

"मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगणार होते अव्वा. पहिल्या वेळी मार्क घसरले तेव्हा सांगणार होते." सिद्धी खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाली. "तू रागावली असतीस तर सांगितलं असतं. तू रागावली नाहीस. तू चूल वाढवलीस. मग दुसरा क्लास लावलास. माझे मार्क खाली आले की तू अजून भाकऱ्या करायचीस. तुला काय सांगू, की उपयोग होत नाहीये म्हणून?"

एक रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला. मग नीलम्मा कन्नडमध्ये बोलली. मनातलं बोलायचं झालं की तिला तीच भाषा यायची. ती म्हणाली, भाकऱ्या मी तुझ्या मार्कांसाठी करत नाही गं, तू माझी आहेस म्हणून करते. तुला काही आलं नाही तरी करीन. फक्त गप्प राहू नकोस. गप्प राहिलीस की मला कळत नाही कुठं हात लावावा.

सिद्धी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. एक म्हातारा सायकल थांबवून काय झालं विचारायला लागला, तेव्हा नीलम्मा म्हणाली, "काय न्हाय दादा, डोळ्यात धूळ गेली पोरीच्या," आणि तिनं हेल्मेट घातलं.

शनिवारपासून सिद्धी त्या वर्गात जाऊन बसायला लागली. पहिल्या दिवशी ती आली ती काही न बोलता जेवून झोपली. सोमवारी ती आली तेव्हा वहीची चार पानं भरलेली होती आणि एका पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'हे कळलं नाही, विचारायचं.' त्याच दिवशी प्रॅक्टिकलही झालं होतं. रात्री तिनं जेवताना अप्पाला सांगितलं, की पाढा छापायचा प्रोग्रॅम लिहायला दिला होता आणि तिचा पाढा नवावरच थांबत होता.

"दहापर्यंत का येईना?" महेश्वरनं विचारलं.

"मी त्याला दहापेक्षा लहान असेपर्यंतच जा म्हटलं होतं. दहा हा दहापेक्षा लहान नाही ना. तो बिचारा सांगितलं तेवढंच करत होता. मग 'लहान किंवा बरोबर' असं केलं, आला दहापर्यंत." ती भाकरीचा तुकडा हातात धरून बोलतच राहिली. "सगळ्यांचाच थांबला होता, अप्पा. सर म्हणाले, कुणाचा थांबला, हात वर करा. निम्म्या वर्गानं केला. मीपण केला."

महेश्वरला प्रोग्रॅम कळला नाही. लेक दोन वर्षांनी ताटावर बसून एवढं बोलली, हे मात्र कळलं. "ऊटा माडु," तो म्हणाला, जेव आता, आणि तिच्या ताटात स्वतःच्या वाटचा आंबाडीचा झुणका सारला.

बुधवारी फॉर्मचा शेवटचा दिवस होता, म्हणून चन्नप्पा मंगळवारी संध्याकाळीच आले. बरोबर पुण्याच्या माणसानं दिलेली चकचकीत फाइल होती. ओट्यावर बसून त्यांनी पाणी घेतलं आणि म्हणाले, "ठरलं मग. पुण्यालाच. हितलं ते नवं कॉलेज दोन नंबरला टाका. पैशाचं मी बघतो, महेश्वर, तू त्यात पडू नगंस."

महेश्वर मुलीकडं बघून म्हणाला, "तू बोल."

सिद्धीचे कान लाल झाले. पण ती बोलली. "दोड्डप्पा, मी फॉर्म भरणार नाही. मी इथल्या सायन्स कॉलेजात बी.एस्सी. करणार आहे, कॉम्प्युटरचंच. पुण्याला गेले तर पहिल्याच वर्षी गणितात अडकेन आणि तुम्हाला फोनवर सगळं चांगलं चाललंय म्हणून सांगेन. मला माहीत आहे मी काय करेन ते. दोन वर्षं तेच केलंय."

"पण बी.एस्सी.?" चन्नप्पांनी फाइल मांडीवर आपटली. "बी.एस्सी. तर कुणीबी करतंय. तुज्यात काय कमी हाय? कोट्यातनं मिळतंय, देनारा मी हाय, मग अडचन काय?"

नीलम्मा उंबऱ्याशी उभी होती. दिरासमोर ती कधी मोठ्यानं बोललेली नव्हती.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी कांदा घ्यायच्या आदी पोतं उघडून बघता का न्हाय? वरनं चांगलं दिसतंय म्हून घेत न्हाय. पुण्याचं मला ठाव न्हाय. पर ह्या नव्या कॉलेजात मी रोज माल टाकती. तितं सर न्हाईत. ही शाळा पोरीनं स्वतः आत बसून बघितलीया, तीन दिस. एवढं तर आपल्यापैकी कुणीच केलं न्हाय."

चन्नप्पांनी फाइल उचलून काखेत धरली. मग म्हणाले, "आनि यार्डात मी सगळ्यांना सांगून बसलोय, इंजिनिअर म्हून. त्यांना काय सांगू?"

ते उठले आणि जेवणाचं ताट वाढलेलं असताना निघून गेले. चन्नप्पा भावाच्या घरून न जेवता गेले असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. नीलम्मानं ते ताट झाकून ठेवलं. महेश्वर म्हणाला, "येतील," पण त्यानंही स्वतःचं ताट बाजूला सारलं. फॉर्मची तारीख दुसऱ्या दिवशी तशीच गेली, आणि गुरुवारी सिद्धीनं जुन्या कॉलेजात नाव घातलं.

पुढच्या आठवड्यात एक दिवस सिद्धी लॅबमध्ये बसली असताना तिचं लक्ष दाराकडं गेलं. दारावर पाटी होती: पादत्राणे बाहेर काढावीत. आणि पाटीखाली, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, हातात स्वतःच्या चपला धरून दोड्डप्पा उभे होते. चपला बाहेर ठेवल्या तर कुणी नेईल असं त्यांना वाटलं असावं. ते एकेक मशिन मोजल्यासारखं बघत होते. मग हिंदुराव सर आले, त्यांना हाताला धरून स्टाफरूममध्ये घेऊन गेले, आणि दोघं तिथं तासभर बसले. सिद्धी बाहेर आली तेव्हा ते गेलेले होते.

काय बोलणं झालं ते कधीच नीट कळलं नाही. पण दोनच दिवसांनी नीलम्मा यार्डाजवळच्या पिठाच्या गिरणीत ज्वारी दळायला गेली असताना गिरणीवाला म्हणाला, "वैनी, तुमची पोरगी कायतरी लई मोठं शिकतीया म्हणं."

"कुणी सांगितलं?"

"चन्नप्पाशेटनी. म्हनत हुते, इंजिनिअरिंगवाले नुस्तं कॉम्प्युटर करत्यात. आमची पोरगी ई.सी.एस. करती. त्यातला पयला ई म्हंजे एंटायर. एंटायर म्हंजे अख्खं. आमच्या घरात अख्खं कॉम्प्युटर चाललंय म्हनत हुते."

नीलम्मा तिथंच हसायला लागली, पदर तोंडाला लावून. त्या रविवारी चन्नप्पा आले आणि काही झालंच नाही अशा थाटात दोन ताटं जेवले. जाताना सिद्धीला हळूच म्हणाले, "ते एंटायर बरोबर म्हनलो का गं मी?"

"बरोबर, दोड्डप्पा."

सप्टेंबरमध्ये पहिली चाचणी झाली. नीलम्मा एसटी स्टँडजवळच्या दुकानात माल उतरवत होती तेव्हा फोन वाजला. कॉलेजच्या वेळात सिद्धीचा फोन कधी येत नसे, त्यामुळं नीलम्मानं हातातलं खोकं तिथंच टेकवून फोन घेतला.

"अव्वा," सिद्धी म्हणाली, "गणिताचे मार्क लागले. सहा."

"कितीपैकी?"

"वीस."

"आं. मग?"

"नापास झाले. आत्ताच लागले, म्हणून आत्ताच सांगतेय. पण कुठं अडले ते माहीत आहे मला. सरांना विचारून आले. उद्यापासून तास सुटल्यावर अर्धा तास बसवणार आहेत. संध्याकाळी उशिरा येईन, स्टेशनला अप्पांना सांग."

"सांगते," नीलम्मा म्हणाली. "जेवलीस का?"

"जेवले. ठेवते, तास आहे."

नीलम्मानं फोन पिशवीत टाकला. दुकानदार सोमेश भाकऱ्यांची पाकिटं फळीवर लावत होता. तिच्या चेहऱ्याकडं बघून म्हणाला, "काय वैनी, चांगली बातमी दिसतीया."

"व्हय," ती म्हणाली. "माझ्या लेकीला गणितात सहा मार्क पडले. वीसपैकी."

सोमेशला यावर काय बोलावं कळेना, म्हणून त्यानं तिला चहा सांगितला.

सेमिस्टरच्या परीक्षेत ते गणित सुटलं. काठावरच सुटलं, पण सुटलं. प्रोग्रॅमिंगला मात्र वर्गात तिच्या वर तिघंच होते. तिनं ते आधी अव्वाला सांगितलं, मग अप्पाला, मग मेसमध्ये जाऊन विजयमालाला. दोड्डप्पांना सांगायला तिनं फोन लावला तर ते म्हणाले, "मला सकाळीच कळलंय." हिंदुराव सरांचा नंबर त्यांनी लॅब बघायला आले होते त्या दिवशीच घेऊन ठेवला होता, आणि दर सोमवारी, सर अकलूजहून परतले की, ते त्यांना एक फोन करायचे.